पुड्या गुपचूप बदलू नका

ठाण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३९, नोकरी, घर वर्तकनगरला. घरात नवरा, मुलगी, सासू-सासरे. सासरे ७२ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. गुडघ्यांमुळे त्यांचं जिना उतरणंही अवघड झालं होतं. उपवन तलावावर फिरायला येणाऱ्या एका मित्राने त्यांना 'शुद्ध जडीबुटीच्या' पुड्या आणून दिल्या. महिन्याच्या साठ, नऊशे रुपयांना, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याबरोबर घ्यायच्या. पुडीवर नाव नाही, गाव नाही. चौथ्या दिवशी सासरे काठी घरी ठेवून तलावाला फेरी मारून आले. आता सात महिने झाले. चेहरा गोल झालाय, भूक वाढलीय, हातावर नुसतं लागलं तरी जांभळे डाग उठतात आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.८ वरून ८.९ वर गेलाय. सुनेने विषय काढला तर नवरा म्हणाला, "तुला आयुर्वेदाचं वावडंच आहे." सासऱ्यांनी तर बोलणं टाकलं. आता त्या विचारतात, "मी पुड्यांतली पावडर काढून त्यात सुंठ-हळद भरून ठेवली तर? बाबांचं ते औषध सुटेल आणि घरात भांडणही होणार नाही." खाली ताजा कलम आहे: "माझी आई जांभळी नाक्यावरून गुळवेलीच्या काड्या आणून रोज काढा घेते. तो तरी चालेल ना?"

ताई, तुमचं ते सुंठ-हळदीचं वाक्य वाचलं आणि हे सदर छापून येण्याची वाट न बघता तुम्हाला त्याच रात्री उत्तर पाठवलं. इतर वाचकांसाठी तेच पुन्हा लिहिते. पुड्या बदलू नका, फेकू नका, लपवू नका. बाबांच्या नकळत त्या एक दिवसही बंद होता कामा नयेत.

कारण सांगते. पुडी प्रयोगशाळेत गेल्याशिवाय तिच्यात काय आहे हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण गोल झालेला चेहरा, खवळलेली भूक, कातडीखालचे जांभळे डाग, चढलेली साखर ही चार लक्षणं एका ओळीत लिहिली की कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो तो स्टेरॉइड. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. त्याच्या जोडीला कधी कधी डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामकही असतं. या गोळ्या स्वस्त असतात, कुटून चूर्णात मिसळल्या की डोळ्यांना दिसत नाहीत आणि सुंठ-मिऱ्याच्या तिखटात चवही लपते.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. रोजच्या जगण्याला लागणारं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, त्या बनवतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर हिशेब करतं, आहे की पुरेसं, आणि त्या ग्रंथी काम थांबवतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं की त्या सुस्तावतात. बाबांचे सात महिने झालेत. अशा वेळी बाहेरचा पुरवठा एकदम तुटला, तर आतला लगेच सुरू होत नाही. रक्तदाब पडतो, उलट्या सुरू होतात, माणूस गळून जातो, बेशुद्ध होऊ शकतो. वेळेवर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळालं नाही तर जिवावर बेततं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. औषधशास्त्राची पदविका आहे माझी, नौपाड्यातल्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे बावीस वर्षं उभी होते. तरीही माझ्या मावशीच्या पुड्या मीच कचऱ्यात टाकल्या. ती कल्याणला राहायची, दम्यासाठी कुणा महाराजांची पुडी घ्यायची, मी भांडले आणि पिशवी उचलून खाली डब्यात टाकून आले. आपण फार मोठं काम केलं असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मावसभावाचा फोन आला. ती मोरीत पडली होती, आदल्या रात्रीपासून पोटात पाणी ठरत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, "आजी कुठलं औषध घ्यायच्या आणि ते अचानक कुणी बंद केलं का?" पुडी दाखवायला शिल्लक नव्हती. मावशी वाचली, पुढे आठ वर्षं जगली. त्या डॉक्टरसमोर मी "हो, मी टाकलं" म्हणाले तो क्षण मला अजून आठवतो. म्हणून तुम्हाला इतकं बजावून सांगते आहे.

आता तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या दोन-तीन गोष्टींकडे येते.

पहिली गोष्ट म्हणजे हे भांडण आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी असं आहे, ही समजूत. ती तुमच्या यजमानांची आहे आणि नकळत तुम्हीही मान्य केलीत. तुम्ही लिहिलंय, "मी आयुर्वेद मानत नाही असं नाही, पण..." हा खुलासा तुम्ही द्यायची गरजच नाही. पुडीत कुठलं द्रव्य आहे आणि त्याची जबाबदारी कोण घेतो, एवढंच तुम्ही विचारताय. हा प्रश्न आयुर्वेदाच्या आतलाच आहे. अनोळखी औषध विषासारखं, शस्त्रासारखं, आगीसारखं, विजेसारखं असतं आणि नीट ओळखीचं औषध अमृतासारखं, असं चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय. बाबा जुन्या वळणाचे आहेत, तेव्हा त्यांना माझं सांगू नका, चरकाचं सांगा.

इथे थोडी न्यायाचीही बाजू पाहू. पुडीवर लेबल नाही म्हणून ती आपोआप बेकायदेशीर ठरत नाही. वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः औषध बनवून देत असेल तर त्याला उत्पादनाचा परवाना लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. माझ्या माहितीतले चांगले वैद्य अशीच घरगुती चूर्णं देतात. पण ते नाडी बघतात, जीभ बघतात, चालू गोळ्या विचारतात, कागदावर द्रव्यांची नावं लिहितात आणि त्या कागदावर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक असतो. बाबांना मधुमेह आहे का, हे पुड्या देणाऱ्याने विचारलंही नाही, कारण त्याने बाबांना पाहिलेलंच नाही. मित्राच्या हातून हातात अशी पिशवी आली. हे आयुर्वेदही नाही आणि ॲलोपॅथीही नाही.

दुसरी समजूत बाबांची. "गुण आला म्हणजे औषध खरं." ताई, मला तर चौथ्या दिवशी काठी सुटली यानेच धास्ती बसली. झिजलेल्या गुडघ्याला शल्लकी, निर्गुंडी, गुग्गुळ यांनी उतार पडला तर तो आठवड्यांनी, हळूहळू पडतो. चार दिवसांत तरुण झाल्यासारखं वाटायला लावणारी द्रव्यं वेगळी असतात. आणि याची दुसरी बाजू बाबांना अजून दिसलेली नाही. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलं की मांडीचे स्नायू बारीक होतात, हाडं ठिसूळ होतात. ज्या मांडीने गुडघा तोलायचा, तीच कमजोर होते. ते हल्ली खुर्चीतून उठताना हात टेकतात का, बघा.

तिसरी गोष्ट तुमची स्वतःची. "लॅबमधून तपासून आणते आणि तोंडावर फेकते" असं पत्राच्या शेवटी रागात लिहिलंय. राग समजतो. पण स्टेरॉइडची तपासणी वेगळी, जड धातूंची वेगळी, बुरशीच्या विषाची वेगळी. एका तपासणीत काही नाही आलं तर बाबा म्हणतील, "बघ, शुद्ध आहे." शिवाय या महिन्याच्या पुडीत नसलेलं पुढच्या महिन्याच्या पुडीत असू शकतं, कारण प्रत्येक खेप कुणीतरी घरात बसून घोटतोय. पुडी तपासायची, पण आधी माणूस तपासायचा.

धातूंचा विषय निघालाच आहे तर पाकीटबंद औषधांबद्दलही लिहिते, कारण "बिनानावाची नको, कंपनीचं घेतो मग चालेल ना?" असं विचारणारी पत्रं मला दर महिन्याला येतात. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पाचातलं एक. त्यानंतर भारत सरकारने २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना धातूंची तपासणी सक्तीची केली. मर्यादा ठरल्या: दहा लाख भागांमध्ये शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग. धातू येतात दोन वाटांनी. एक वाट नकळत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याजवळची जमीन, रस्त्याकडेची झाडं, दळायचं जुनं यंत्र. दुसरी वाट जाणूनबुजून, म्हणजे भस्मं (धातू भाजून केलेली पूड) आणि रसौषधी (पारा-खनिजांची औषधं). दुसऱ्या वाटेला भेसळ म्हणता येणार नाही, ती त्या औषधाची कृतीच आहे. पण ती पोटात जातेय हे घेणाऱ्याला माहीत हवं की नको? योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांत नावाला एका 'महा'चा फरक. महायोगराजात नाग भस्म म्हणजे शिशाचं भस्म असतं, साध्या योगराजात सहसा भस्मं नसतात. सांधेदुखीवाले दुकानात येऊन "तेच ते गुग्गुळ द्या" म्हणायचे आणि मी दरवेळी विचारायचे, कुठलं, कुणी सांगितलं, किती दिवस? निम्म्यांना फरक ठाऊक नसायचा. महायोगराज वैद्याच्या देखरेखीशिवाय, महिनोन्महिने, स्वतःच्या मनाने घ्यायचं औषध नाही. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं, तेव्हा माग काढता काढता तो भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांपाशी गेला. गरोदर बाई, बाळंतीण आणि लहान मूल यांच्या बाबतीत मी कुठलंही भस्म नको असंच म्हणेन.

डबी हातात घेतलीत तर उलटून बघा. 'आयुर्वेदिक औषध' असे शब्द, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, प्रत्येक घटकाचं नाव आणि प्रमाण. वत्सनाभ, कुचला, धोतरा, बिब्बा, पारा, हरताळ अशी विषारी द्रव्यं असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरात असते, चष्मा लावून शोधा.

तुमच्या आईच्या काढ्याचं इथेच सांगते. गुळवेल वाईट नाही. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी करोनाकाळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल नसावी, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असावी. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. वाद कुणी जिंकला ते बाजूला ठेवा. कापलेल्या, सुकलेल्या काडीवरून जांभळी नाक्याच्या गर्दीत वेल ओळखायची कुणी, हा प्रश्न उरतोच. आईला थायरॉइड, संधिवात किंवा कुठलाही स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार असेल किंवा यकृताचा त्रास होऊन गेला असेल तर काढा बंदच करा. तो असा बंद करायला काही धोका नाही. नसेल तर रोज, वर्षभर कशाला? लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अन्नावरची वासना उडालेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता बाबांशी बोलण्याचं. मला वाटतं तुमच्या घरात खरी भीती दुसरीच आहे. तुमच्या यजमानांनी वडिलांना जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिलेलं पाहिलंय. पुडी गेली की तो जिना परत येणार, हे त्यांना कळतंय, म्हणून ते तुमच्यावर चिडतात. आणि बाबांसाठी त्या पुडीत फक्त औषध नाही, उपवनचा कट्टा आहे, मित्र आहेत, सकाळचे दीड-दोन तास आहेत. तुम्ही "विष आहे ते" म्हणालात की त्यांना ऐकू येतं, "आता घरात बसा." म्हणून सुरुवात गुडघ्यापासून करा. "बाबा, पुडी चालू राहू द्या. पण साखर वाढलीय, तेवढी दाखवून येऊ. आणि गुडघ्याचंही एकदा नीट बघू." हे खोटं नाही, अगदी खरं आहे, आणि त्यात त्यांची हार नाही. यजमानांना मात्र ग्रंथींचं सगळं स्पष्ट सांगा, हे पत्र वाचायला द्या. अचानक बंद करण्याच्या विरोधात तुम्हीच आहात हे कळलं की ते तुमच्या बाजूला येऊन बसतील असं मला वाटतं.

डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून ठेवा की रागावू नका. रागावलेल्या डॉक्टरपुढे म्हातारी माणसं खोटं बोलतात आणि इथे खरं बोलणं फार गरजेचं आहे. एमडी मेडिसिन किंवा शक्य झालं तर हार्मोनचे तज्ज्ञ गाठा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही दाखवता येईल. "सात महिने, दिवसाला दोन, शेवटची आज सकाळी" अशी माहिती चिठ्ठीवर लिहून न्या. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल, साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, रक्तदाब हे बहुधा ते सांगतीलच. रक्तातल्या शिशाची चाचणी मात्र तुम्ही होऊन विचारा, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं निघालं तर ते कुठून येतंय हे शोधून बंद करायला हवं. पोटात कळा, बद्धकोष्ठ, न जाणारा अशक्तपणा ही त्याची लक्षणं वयाच्या नावावर खपून जातात. स्टेरॉइडचा संशय पक्का झाला तर डॉक्टर मोजून मापून खरी गोळी सुरू करतील, पुडी थांबवतील आणि मग ती गोळी कमी कमी करत नेतील. याला आठवडे लागतात, कधी महिने. त्या काळात आणि पुढचं वर्षभर ताप, उलट्या, अपघात, दात काढणं, ऑपरेशन काहीही असलं तरी समोरच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं, की यांना स्टेरॉइड चालू होतं. त्यांच्या पाकिटात तशी चिठ्ठी ठेवा. मध्येच गळून गेले, घेरी आली, उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. शौचाला डांबरासारखं काळं झालं तरी तेच, कारण पुडीत वेदनाशामक असेल तर त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्ट हवाच. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरण्याचा साधा व्यायाम, शेक, वरून लावायचं वेदनाशामक जेल, योग्य चपला, एका हातात काठी. वैद्यांकडेच जायचं असेल तर वरळीला पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे, तिथे जा, पण चालू गोळ्यांची यादी घेऊन. यातलं काहीच चार दिवसांत काठी सोडवणार नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

पुड्यांपैकी पाच-सहा मूळ कागदासकट कोरड्या पिशवीत ठेवा, वर तारीख लिहा, कधी आणि कोणाकडून आल्या तेही. बाबा सावरले की अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. त्यांचं ठाण्याचं कार्यालय वागळे इस्टेटमध्येच आहे, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. पुड्या आणून देणाऱ्या मित्राला गुन्हेगार ठरवू नका, तो स्वतःही बहुधा त्याच पुड्या घेत असेल. आणि कट्ट्यावरच्या बाकीच्यांना कळवायचंच, पण व्हॉट्सॲपवर "आजच्या आज फेकून द्या" असा मेसेज टाकू नका. "बंद न करता, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा" असा टाका. तो बाबांनी स्वतः टाकला तर सगळ्यात बरं.

दवाखान्यात शिरताना पुड्यांची पिशवी बाबांच्याच हातात असू द्या, आणि डॉक्टरांनी काय घेता असं विचारलं की तुम्ही मध्ये बोलू नका.